व्हीआर आणि डिजिटल ट्विन: कारखान्यात एकत्र काम करण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या, तसंच जालना, लातूर इथल्या कारखानदारांशी, सुपरवायझरांशी आणि आयटीआयच्या मुलांशी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिताना लहान-मध्यम कारखाना डोळ्यांसमोर आहे: वीस-पंचवीस मशीन, एक डिझाइनर, दोन मेंटेनन्सवाले आणि पुण्यातला किंवा परदेशातला ग्राहक. माझं मत आधीच सांगतो. एकाच मशीनबद्दल प्रत्येकाला वेगळं काहीतरी माहीत असतं आणि ही माणसं एका वेळी एका जागी कधीच येत नाहीत. त्यांना तेच मशीन एकत्र बघता आलं, तर या तंत्रावर केलेला खर्च वसूल होतो. ते होत नसेल तर हेडसेट, म्हणजे व्हीआरचं (व्हर्च्युअल रिअॅलिटी) आभासी दृश्य बघायला डोक्यावर घालायचा पडदा, कपाटातच राहतो.

डिजिटल ट्विन म्हणजे आमच्या डिझाइनरकडे असतं ते थ्रीडी मॉडेलच ना?

मॉडेल ही सुरुवात. व्हिएन्नाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक सोपी विभागणी मांडली, ती मला सगळ्यात उपयोगी वाटते. मशीनचं मॉडेल आहे, पण त्यात आकडे माणूस हाताने भरतो, ते डिजिटल मॉडेल. मशीनचे आकडे आपोआप मॉडेलपर्यंत येतात, पण उलट काही जात नाही, ती डिजिटल शॅडो. आणि दोन्ही बाजूंनी देवाणघेवाण आपोआप चालते, म्हणजे मॉडेलमध्ये घेतलेला निर्णय मशीनपर्यंत पोहोचतो, तो खरा डिजिटल ट्विन.

आपल्या भागात ट्विन म्हणून जे विकलं जातं, ते बहुतेक वेळा शॅडो असतं. त्यात वाईट काही नाही. लहान कारखान्याचं नव्वद टक्के काम शॅडोवरच भागतं. पण कोटेशन हातात आलं की विक्रेत्याला हा प्रश्न जरूर विचारा: आकडे कुठून येणार, किती वेळाने येणार आणि उलट काही जाणार का? उत्तर देताना तो अडखळला, तर तुम्हाला नुसतं रंगीत मॉडेल मिळणार आहे असं समजा.

या खालच्या उत्तरांत सोयीसाठी मी सगळीकडे ट्विन हाच शब्द वापरला आहे.

मग व्हीआरचा त्याच्याशी काय संबंध?

ट्विन ही माहिती आहे आणि व्हीआर ही ती माहिती बघण्याची एक पद्धत. ट्विन लॅपटॉपवर बघता येतो, शॉपफ्लोअरच्या टीव्हीवर बघता येतो, मोबाइलवरही बघता येतो. हेडसेट घातला की मशीन खऱ्या मापात समोर उभं राहतं आणि पुण्यातला माणूस तुमच्या शेजारी उभा राहून त्याच्याकडे बोट दाखवू शकतो.

ही कल्पना आली कुठून?

एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ यानाची ऑक्सिजनची टाकी वाटेत फुटली, तेव्हा नासाच्या लोकांनी जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये यानाची तीच अवस्था उभी केली, त्यावर उपाय करून बघितले आणि मग अंतराळवीरांना सूचना दिल्या. दूर असलेल्या यंत्राची इथे जुळती प्रत ठेवायची आणि आधी तिच्यावर प्रयोग करायचा, हे या विचाराचं मूळ. २००२ मध्ये मायकेल ग्रीव्ह्ज यांनी मिशिगन विद्यापीठात उत्पादनाच्या संपूर्ण आयुष्याची माहिती सांभाळण्याच्या संदर्भात ही मांडणी केली. डिजिटल ट्विन हे नाव नासाच्या जॉन व्हिकर्स यांच्याकडून आलं आणि नासाच्या २०१० च्या तंत्रज्ञान आराखड्यात ते वापरलं गेलं. कारखान्यातल्या ट्विनसाठी आयएसओ २३२४७ हे मानक २०२१ मध्ये आलं. डोक्यावर घालायचा पडदा तर त्याहून जुना आहे, आयव्हन सदरलँड यांनी तो १९६८ मध्ये करून दाखवला होता.

आमच्यासारख्या पुरवठादाराला याचा नक्की उपयोग काय?

१९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग करणारे शेकडो कारखाने उभे राहिले. आज त्यातले बरेच जण चाकण-पिंपरीच्या आणि परदेशी ग्राहकांनाही माल देतात. या साखळीत सगळ्यात महाग काय पडतं, तर उशिरा कळलेली चूक.

वेल्डिंग फिक्स्चरचंच, म्हणजे वेल्डिंग करताना भाग जागेवर धरून ठेवणाऱ्या चौकटीचंच बघा. डिझाइनरने कॅडमध्ये (कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगमध्ये) ते नीट बसवलं. ग्राहकाने ड्रॉइंग पास केलं. टूलरूमने स्टील कापलं, फिक्स्चर उभं राहिलं आणि पहिल्या ट्रायलला ऑपरेटर म्हणाला, ‘साहेब, तिसऱ्या क्लॅम्पचा दांडा उघडला की वेल्डिंगची गन आत जात नाही.’ हे त्याला दोन मिनिटांत दिसलं, कारण रोज तो त्या जागी उभा राहतो. डिझाइनरला दिसलं नाही, कारण स्क्रीनवर फिक्स्चर वाट्टेल त्या कोनातून फिरवता येतं आणि माणूस तसा फिरत नाही. मग क्लॅम्प हलवा, प्लेट पुन्हा ड्रिल करा, पास झालेलं ड्रॉइंग पुन्हा पाठवा. पंधरवडा हातचा जातो.

तेच फिक्स्चर स्टील कापण्याआधी व्हीआरमध्ये खऱ्या मापात उभं केलं आणि त्याच ऑपरेटरला हेडसेट घालून समोर उभं केलं, तर तो तेव्हाही दोन मिनिटांतच सांगेल. ग्राहकाचा इंजिनिअर चाकणहून त्याच खोलीत हजर असेल, तर बदल तिथल्या तिथे ठरेल. मला विचाराल तर या सगळ्या तंत्राचा लहान कारखान्याला सगळ्यात मोठा फायदा हाच. पाना फिरायला जागा आहे का, बोल्टपर्यंत हात पोहोचतो का, वाकून किती वेळ उभं राहावं लागेल, ऑइल लेव्हलची काच दिसते का, ग्रीस निपलला गन लागते का, असले प्रश्न ड्रॉइंगवरून कळत नाहीत. शरीराने तिथे उभं राहिल्यावरच ते कळतात.

मोठ्या वस्तूंना तर याचा आणखी उपयोग. लातूरच्या मराठवाडा रेल्वे कोच कारखान्यात बनतो तसा डबा घ्या. सुमारे २४ मीटर लांबीची वस्तू पंधरा इंची स्क्रीनवर बघून तिच्या आतलं वायरिंग, डक्ट आणि माणसाची हालचाल यांचा अंदाज बांधणं कठीण. आत चालत गेलं की प्रश्न आपोआप सुचतात.

हेच काम स्क्रीनवर मॉडेल फिरवून होत नाही का?

बऱ्याचदा होतं, आणि होत असेल तर हेडसेट लावू नका. नुसता एक टॉलरन्स ठरवायचा असेल, बुश बदलायची असेल किंवा पीपीएपीचे (नवा भाग ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याचे) कागद तपासायचे असतील, तर स्क्रीन शेअर करा आणि मोकळे व्हा. माणसाचं शरीर, माप किंवा अंतर जिथे प्रश्नाचा भाग असतं, तिथे व्हीआर. एवढी एक चाळणी लावली तरी निम्मे अनावश्यक डेमो टळतात.

जालन्याच्या स्टीलवाल्यांना यात काय मिळेल? आमच्याकडे ना फिक्स्चर, ना असेंब्ली.

तुम्हाला ट्विन लागेल, व्हीआर बहुधा लागणार नाही.

इंडक्शन फर्नेसमध्ये (विजेवर चालणाऱ्या भट्टीत) एक टन पोलाद वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट वीज लागते. एवढ्या विजेत कुणी तीस-चाळीस युनिट जरी वाचवले, तरी महिन्याचं बिल बदलतं. ही वीज वाया कुठे जाते, हे मेल्टिंगच्या फोरमनला विचारा: चार्ज टाकायला स्क्रॅप वेळेवर आलं नाही, झाकण उघडं राहिलं, हीट (एका वेळी वितळवलेला धातू) तयार झाली पण सीसीएम (धातू ओतून बिलेट बनवणारं मशीन) मोकळं नव्हतं म्हणून धातू तसाच धरून ठेवावा लागला. पुढे रोलिंग मिलकडे गेलात तर तिथला फोरमन सांगेल, बिलेट (पोलादाचा लांब ठोकळा) गरम मिळालं असतं तर रीहीटिंग फर्नेस न वापरता थेट रोलिंगला घेतलं असतं, पण ते येईपर्यंत गार झालं.

दोघंही खरं बोलतात. दोघांसमोर वेगवेगळे आकडे असतात, एवढीच अडचण. मेल्टिंगकडे हीटची वेळ आणि युनिट, रोलिंगकडे स्टँडचा वेग आणि ब्रेकडाउन. आता एकच पडदा दोन्ही केबिनमध्ये लावला, त्यावर फर्नेसची पॉवर, लॅडलची (वितळलेला धातू नेणाऱ्या पात्राची) जागा, बिलेटचं पायरोमीटरने मोजलेलं तापमान आणि मिल चालू-बंद हे सगळं एकाच घड्याळावर दिसलं, आणि पुढच्या वीस मिनिटांचा अंदाज मॉडेलने मांडला, तर मिलचा रोल बदल कधी घ्यायचा हे दोघं मिळून ठरवू शकतात. हे सहकार्यच आहे, हेडसेटशिवायचं. जालन्यात ज्या कारखान्यात मेल्टिंग आणि रोलिंग एकाच आवारात आहे, तिथे मी सुरुवात इथूनच करायला सांगतो.

व्हीआर आणायचंच असेल तर नव्या मुलांच्या प्रशिक्षणासाठी आणा. फर्नेसमध्ये ओलं किंवा बंद डब्यासारखं स्क्रॅप गेलं तर काय होतं, हे प्रत्यक्ष दाखवून शिकवता येत नाही. व्हीआरमध्ये ते सुरक्षित दाखवता येतं.

साखर कारखान्यात?

गळीत हंगाम चार-पाच महिन्यांचा, त्यात मिल थांबवून कोणी काही बघू देत नाही. ओव्हरहॉलिंग सगळं बंद हंगामात. म्हणून तिथे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ३६० अंशांचा कॅमेरा. गिअरबॉक्स उघडला, मिलचे रोलर काढले, पाइपवरचं इन्सुलेशन उतरवलं की प्रत्येक जागेचे फोटो घेऊन ते लेआउटवर त्या त्या जागी लावून ठेवा. डिसेंबरमध्ये गाळप चालू असताना त्या पाइपच्या मागे व्हॉल्व्ह आहे की बेंड, हा प्रश्न पडतोच. तेव्हा चीफ इंजिनिअर, दुरुस्तीचा ठेकेदार आणि बॉयलिंग हाऊसचा माणूस तिघंही आपापल्या जागेवरून तेच चित्र बघून बोलतात. हा पूर्ण ट्विन झाला असं मी म्हणणार नाही, पण त्याचा पाया हाच आहे.

आमची मशिनं पंधरा-वीस वर्षांची आहेत. त्यांच्यातून आकडे निघणार कसे?

निघतात. प्रत्येक मशीनला एकच रस्ता नसतो, एवढंच.

सीएनसी किंवा व्हीएमसीचा (संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनचा) कंट्रोलर नवा असेल आणि त्याला नेटवर्कचा पोर्ट असेल, तर ओपीसी यूएसारख्या खुल्या पद्धतीने आकडे थेट घेता येतात. पीएलसी (मशीनचं काम नियंत्रित करणारा छोटा संगणक) जुना असेल, तर बहुधा त्याला मॉडबसचा (यंत्रांनी एकमेकांना आकडे देण्याच्या पद्धतीचा) आरएस-४८५ पोर्ट असतो. त्यावर गेटवे (आकडे गोळा करून पुढे पाठवणारं उपकरण) लावून वाचता येतं. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण), एनर्जी मीटर, टेम्परेचर कंट्रोलर हेसुद्धा मॉडबसवर बोलतात, आणि हे बहुतेकांच्या पॅनेलमध्ये आधीच बसलेलं असतं. फक्त दोन वायरी कोणी जोडलेल्या नसतात.

ज्या मशीनला काहीच नाही, म्हणजे जुना पॉवर प्रेस, लेथ, कॉम्प्रेसर, तिथे बाहेरून सेन्सर लावायचा. मोटरच्या केबलवर क्लॅम्पचा सीटी (करंट मोजणारी कडी) लावला की करंट कळतो, आणि करंटवरून मशीन चालू आहे, रिकामं फिरतंय की कापतंय हे ओळखता येतं. बेअरिंगच्या घरावर व्हायब्रेशनचा सेन्सर. प्रेसच्या रॅमजवळ प्रॉक्सिमिटी स्विच, तो स्ट्रोक मोजतो. शिकण्यासाठी आणि प्रयोगासाठी काही शे रुपयांचा मायक्रोकंट्रोलर चालतो, पण कायमस्वरूपी बसवायचं असेल तर पॅनेलच्या रेलवर बसणारं औद्योगिक गेटवेच घ्या. आपल्याकडे व्होल्टेज वर-खाली होतं, वेल्डिंगचा गोंगाट वायरींमध्ये शिरतो आणि मे महिन्यात बंद पॅनेलच्या आत बाहेरच्यापेक्षा बराच जास्त ताव असतो. स्वस्त बोर्ड त्यात टिकत नाही.

आकडे पाठवायला एमक्यूटीटी ही पद्धत बहुतेक जण वापरतात. १९९९ मध्ये ती तेलवाहिन्यांच्या देखरेखीसाठी, कमी आणि तुटक संपर्कातही चालावी म्हणून तयार झाली. लाइट गेली, नेट तुटलं तरी गेटवेने आकडे स्वतःजवळ साठवून नंतर पाठवले पाहिजेत. खरेदी करताना ही सोय आहे का ते तपासून घ्या, कारण भारनियमनाच्या दिवशीचे आकडे गेले की महिन्याचा ताळमेळ लागत नाही.

आणि सगळी मशिनं एकदम जोडू नका. ज्या मशीनवर सगळ्यांची वाट अडते ते एक निवडा. त्याबद्दलचा एकच प्रश्न ठरवा, उदाहरणार्थ ‘दुसऱ्या शिफ्टमध्ये सेटिंगला इतका वेळ का लागतो?’ त्याचं उत्तर मिळेपर्यंत दुसऱ्या मशीनला हात लावायचा नाही.

शेडचा पूर्ण लेआउट कॉम्प्युटरमध्ये कसा आणायचा? जुनी ड्रॉइंगं सापडत नाहीत.

लेझर स्कॅनरने. तो चहूबाजूंनी फिरून लाखो बिंदूंची जागा मोजतो आणि शेडचं बिंदूंचं चित्र तयार होतं. अचूकता काही मिलिमीटरची. मध्यम शेडला साधारण एक-दोन दिवस पुरतात. सुट्टीचा दिवस धरला तर माणसं आणि फोर्कलिफ्ट मधे येत नाहीत. स्कॅनर विकत घेण्याची गरज नाही, सेवा भाड्याने मिळते. नुसता अंदाजे लेआउट हवा असेल तर चांगल्या मोबाइलने फोटो काढूनही थ्रीडी आकार तयार होतो, पण त्यावरून फाउंडेशनचे बोल्ट मारू नका.

स्कॅन झाल्यावर एक शिस्त लागते. मशीन हललं, नवा कॉम्प्रेसर आला, एअर लाइन वळवली की ट्विनमध्ये त्याच आठवड्यात बदल व्हायला हवा. हे काम कोणाचं, ते नाव घेऊन ठरवा. बदल न केलेला ट्विन म्हणजे गेल्या वर्षीचं पंचांग, बघायला सगळं जागेवर आणि उपयोग शून्य.

कॅडची फाइल हेडसेटमध्ये उघडत का नाही?

कॅडमध्ये पृष्ठभाग गणिताने लिहिलेले असतात आणि हेडसेटला लहान लहान त्रिकोण लागतात. म्हणून फाइल बदलून घ्यावी लागते. कॅडमधून स्टेप फाइल काढायची आणि तिचं जीएलटीएफमध्ये रूपांतर करायचं, हा सर्वसाधारण रस्ता. मोठ्या कारखान्यांच्या ट्विनमध्ये आता यूएसडी हा प्रकारही चालतो. तो मुळात पिक्सारने सिनेमासाठी बनवला आणि २०१६ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला.

रूपांतर करताना मॉडेल हलकं करा. बोल्टचे आटे, स्प्रिंगचे वेटोळे, विकत आणलेल्या मोटरच्या आतले भाग हे सगळं काढून टाका. हेडसेटला सेकंदाला किमान ७२, शक्यतो ९० चित्रं काढायची असतात, तीही दोन डोळ्यांसाठी वेगवेगळी. मॉडेल जड झालं की चित्र अडकतं, आणि अडकलेल्या चित्राने मळमळ होते. हेडसेट बदलला तरी प्रोग्रॅम पुन्हा लिहावा लागू नये म्हणून २०१९ पासून ओपनएक्सआर हे खुलं मानक आहे. सॉफ्टवेअर घेताना ते त्यावर चालतं का, हे विचारा. मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स २ या हेडसेटचं उत्पादन २०२४ मध्ये थांबवलं. ज्यांचं सगळं काम त्या एकाच उपकरणाला बांधलेलं होतं, त्यांना हा प्रश्न फार उशिरा सुचला.

एमआयडीसीतलं नेट एवढं कुठे चालतं?

तुम्ही समजता तेवढं नेट लागत नाही. मॉडेल प्रत्येकाच्या हेडसेटमध्ये आधीच उतरवून ठेवलं, तर मीटिंग चालू असताना जाते ती फक्त प्रत्येकाच्या डोक्याची आणि दोन हातांची जागा, खुणा आणि आवाज. हे मोबाइलच्या साध्या फोरजीवरही निभतं. मॉडेल दूरच्या सर्व्हरवर चालवून त्याचा व्हिडिओ हेडसेटमध्ये पाठवायचा असेल, तर मात्र सेकंदाला पन्नास-शंभर मेगाबिट आणि फार कमी विलंब लागतो. मान वळवल्यापासून चित्र वळेपर्यंत २० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ गेला की मेंदूला ते खटकतं. म्हणून आपल्याकडे पहिला रस्ताच बरा.

खर्च किती?

साधा, कशालाही न जोडता चालणारा हेडसेट एका बऱ्या लॅपटॉपच्या किमतीत येतो. दोन हेडसेट पुरेत, एक इकडे, एक ग्राहकाकडे. सेन्सर आणि गेटवेचा खर्च मशीनप्रमाणे काही हजारांपासून सुरू होतो. खरा खर्च माणसाच्या वेळेचा: मॉडेल हलकं करणं, आकडे तपासणं, ट्विन चालू स्थितीत ठेवणं. वर्षाचं बजेट मांडताना हा वेळ लिहिला नसेल, तर ते बजेट अपुरं आहे.

व्हीआरमधली मीटिंग नीट पार पाडायची कशी?

सगळ्यात जास्त लक्ष इथेच द्यायला हवं, आणि नेमकं इथेच कोणी देत नाही.

आधी यादी. कोणते पाच-सहा प्रश्न सोडवायचे, हे आदल्या दिवशी सगळ्यांना पाठवा. ‘एकदा बघून घेऊ’ म्हणून बोलावलेल्या मीटिंगमध्ये लोक मशीनच्या आतून फिरतात, वाहवा करतात आणि निघून जातात.

कोणाला बोलवायचं? डिझाइनर, ग्राहकाचा इंजिनिअर, मेंटेनन्सचा माणूस आणि ऑपरेटर. ऑपरेटर नसेल तर मीटिंग पुढे ढकला. आणि ऑपरेटरला पहिल्यांदा बोलू द्या. मॅनेजर आणि ग्राहक आधी बोलले की ऑपरेटर ‘बरोबर आहे साहेब’ म्हणून गप्प बसतो, ही आपल्याकडची रीत आहे. हेडसेटमध्ये सगळे सारख्याच बाहुल्या दिसतात, त्यामुळे दबाव थोडा कमी होतो, पण आवाज ओळखू येतोच. ज्येष्ठ फिटरकाकांना आधी एकट्याने दहा मिनिटं हेडसेटची सवय करून द्या, सगळ्यांसमोर धडपडायला लावू नका.

एकाने हेडसेटबाहेर बसून लिहायचं. प्रत्येक निर्णयाला फोटो, क्रमांक, जबाबदार माणूस आणि तारीख. मीटिंग संपल्यावर हे निर्णय ड्रॉइंगच्या नव्या रिव्हिजनमध्ये उतरले पाहिजेत. व्हीआरमध्ये ‘चालेल’ म्हणालं म्हणजे बदल मंजूर झाला, असं टूलरूमने कधीही धरू नये. सही झालेलं ड्रॉइंग हाच शेवटचा शब्द. ऑडिटर तेच मागतो आणि वाद झाला तर कामाला तेच येतं.

परदेशी मशीन मेकरसोबत बसायचं असेल तर वेळ जपून ठरवा. जर्मनी उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार तास. आपल्याकडची दुपारची दोन ते चार ही वेळ दोघांनाही सोयीची.

हेडसेट घातला की मळमळतं. सगळ्यांनाच होतं का?

सगळ्यांना नाही. डोळ्यांना हालचाल दिसते आणि कानातल्या तोलाच्या यंत्रणेला ती जाणवत नाही, या विसंगतीतून हे होतं. म्हणून जॉयस्टिकने सरकत फिरू नका. एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारण्याची सोय वापरा किंवा मॉडेलच फिरवा. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर हेडसेटवर प्रत्येकासाठी नीट लावा. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, नंतरही एका बैठकीत वीस मिनिटांपेक्षा जास्त नको. मळमळायला लागलं की लगेच काढायचा, सहन करत बसायचं नाही. त्यानंतर थोडा वेळ मशीनवर किंवा दुचाकीवर बसू नये. फिट येण्याचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालूच नये.

आपल्या उन्हाळ्यात आणि धुळीत हेडसेट टिकेल का?

शॉपफ्लोअरवर नेऊ नका. एक बंद, शक्यतो गार खोली, मध्ये किमान दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा. व्हीआरमध्ये आजूबाजूचं काही दिसत नाही, त्यामुळे चालू मशीनजवळ तो घालणं धोक्याचं आहे. हेडसेटच्या भिंगांवर थेट ऊन पडू देऊ नका. भिंग ऊन एकवटतं आणि आतला पडदा कायमचा जळतो. खिडकीजवळ किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेले हेडसेट असेच जातात. चेहऱ्याला टेकणाऱ्या फोमवर पुसता येणारं कव्हर लावा आणि प्रत्येकानंतर पुसा.

मराठीत चालतं का?

बोलणं अर्थातच मराठीतच करा. पडद्यावरच्या अक्षरांचं मात्र सांभाळावं लागतं. व्हीआरचे प्रोग्रॅम ज्या गेम-इंजिनांवर बनतात, त्यातल्या काहींना देवनागरी नीट मांडता येत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाऊन बसते, जोडाक्षरं तुटतात. ‘स्थिती’ वाचता येत नाही असा इशारा काय कामाचा? विक्रेत्याला डेमोच्या दिवशीच ‘शक्ती’, ‘प्रक्रिया’, ‘दुरुस्ती’, ‘वर्कशॉप’ हे शब्द लिहून दाखवायला सांगा. जमत नसेल तर सूचना चित्र म्हणून टाकता येतात किंवा आवाजात रेकॉर्ड करता येतात. माझा कल आवाजाकडे आहे. तुमच्याच कारखान्यातल्या अनुभवी ऑपरेटरचा आवाज नव्या मुलाला सगळ्यात लवकर कळतो.

ग्राहकाचं डिझाइन बाहेर फुटलं तर? आणि कोणी मशीनमध्ये घुसलं तर?

या दोन वेगळ्या भीती आहेत आणि दोन्ही रास्त आहेत.

डिझाइनसाठी: गुप्ततेचा करार पुन्हा वाचा, त्यात क्लाउडवर फाइल ठेवायला परवानगी आहे का ते बघा. मूळ कॅड कधीच पाठवू नका. हलकं केलेलं, आतले भाग काढलेलं मॉडेल पाठवा. मीटिंग संपली की ते दुसऱ्याच्या हेडसेटवरून काढलं जाईल, असं सॉफ्टवेअर निवडा.

मशीनसाठी: मशीनचं नेटवर्क आणि ऑफिसचं नेटवर्क वेगळं ठेवा. मधल्या गेटवेतून आकडे फक्त बाहेर यावेत, आत काही जाऊ नये. पीएलसीचा पोर्ट थेट इंटरनेटवर उघडा ठेवणं म्हणजे रात्री गेट सताड उघडं टाकणं. बऱ्याच पॅनेलमध्ये अजून विंडोज ७ किंवा त्याहून जुनी प्रणाली आहे, तिला बाहेरच्या जगापासून दूरच ठेवा. औद्योगिक यंत्रणांच्या सुरक्षेसाठी आयईसी ६२४४३ ही मानकांची मालिका आहे. ती सगळी अंगीकारणं लहान कारखान्याला झेपणार नाही, पण तिच्यातला विभाग पाडण्याचा विचार आजच वापरता येतो.

व्हीआरमधून बटण दाबून मशीन चालवता येईल का?

तांत्रिकदृष्ट्या येईल. करू नका. दूरच्या माणसाला मशीनजवळ कोण उभं आहे ते दिसत नाही. दुरुस्तीच्या वेळी मेन स्विचला कुलूप आणि त्यावर नावाची चिठ्ठी, ही पद्धत कोणत्याही ट्विनच्या वरची आहे.

कामगारांवर पाळत ठेवायला हे वापरतील, अशी भीती युनियनला वाटते.

वाटणं साहजिक आहे, कारण तसं करता येतं. हेडसेट माणूस कुठे बघतो, हात कसा हलवतो हे टिपू शकतो. सायकल टाइमवरून कोण किती वेळ जागेवर नव्हता, हेही काढता येतं. माझं म्हणणं स्पष्ट आहे: सुरू करण्याआधी कामगारांच्या प्रतिनिधींसोबत बसून लेखी ठरवा, की आकडे मशीनच्या नावाने ठेवले जातील, माणसाच्या नावाने ठेवले जाणार नाहीत; या आकड्यांवरून कोणाचा इन्सेंटिव्ह कापला जाणार नाही; आणि जो पडदा मॅनेजरला दिसतो तोच ऑपरेटरलाही दिसेल. व्यक्तिगत माहितीसाठी २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा आहे, पण कायद्याआधी विश्वास लागतो. ऑपरेटरचा विश्वास गेला की सेन्सरची वायर ‘चुकून’ निघायला लागते आणि खरी माहिती सांगणारं कोणी उरत नाही.

मग आमच्या नोकऱ्यांचं काय?

फक्त रीडिंग लिहून आणण्याचं काम कमी होईल, हे खरं. पण ट्विनने दाखवलेली व्हायब्रेशन बेअरिंगची आहे की ढिल्या फाउंडेशन बोल्टची, हे सांगायला मशीनजवळ कान लावून उभा राहिलेला माणूसच लागतो. जे आकडे वाचायला शिकतील त्यांचं महत्त्व वाढेल. शिकवण्याची जबाबदारी मालकाची आहे आणि ती कामाच्या वेळेत पार पाडायची आहे, सुट्टीच्या दिवशी बोलावून घेऊन नव्हे.

शिकायला कुठे जावं?

टूल आणि डायचं काम, कॅड-कॅम यासाठी चिकलठाण्याची इंडो-जर्मन टूल रूम. इलेक्ट्रॉनिक्स आणि आयओटीची (नेटला जोडलेल्या सेन्सरांची) बाजू समजून घ्यायला छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या आवारातलं नायलिट, ही केंद्र सरकारची प्रशिक्षण संस्था. नवी कल्पना घेऊन छोटी कंपनी काढायची असेल तर सीएमआयए या मराठवाड्यातल्या उद्योजकांच्या संघटनेच्या पुढाकारातून उभं राहिलेलं, नव्या कंपन्यांना मदत करणारं मॅजिक. सामाईक सुविधांसाठी वाळूजचं मराठवाडा ऑटो क्लस्टर. पुण्यात केंद्राच्या समर्थ उद्योग योजनेखालचं सीफोरआयफोर केंद्र आहे, तिथे इंडस्ट्री ४.० (आकड्यांनी जोडलेले कारखाने) कुठपर्यंत आली आहे ते मालकांना आणि मॅनेजरना बघता येतं. सध्या कोणते वर्ग चालू आहेत हे जाण्याआधी फोन करून विचारा, कारण ते बदलत असतात. जाताना डिझाइनरसोबत मेंटेनन्सचा एक माणूस आणि एक ऑपरेटरही पाठवा, आणि तुमच्या अडलेल्या मशीनचा फोटो आणि गेल्या महिन्याचा ब्रेकडाउनचा रजिस्टर त्यांच्या हातात द्या.